माझ्यानंतर पुसलेला दोर

दिनांक अकरा डिसेंबर. सकाळी सात वाजून वीस मिनिटे.

बलबीर शिडीवर उभा राहून दोर पुसत होता.

शिडीखाली बादली होती. बादलीत पाणी आणि जंतुनाशक. त्याचा उग्र वास धुक्यातून माझ्यापर्यंत आला. बलबीरने एका हाताने दोर धरला होता आणि दुसऱ्या हातातले ओले फडके तो वरून खाली ओढत होता. दोन हातांवर कर्नलसाहेब खुर्ची टाकून बसले होते. हातात चहाचा मग. काम नीट होते आहे की नाही यावर त्यांचे लक्ष होते.

"और ऊपर, बलबीर. जहां तक उसके हाथ लगे हैं, वहां तक."

उसके म्हणजे माझे. अर्ध्या तासापूर्वी त्या दोरावर मी चढलो होतो. माझ्यानंतर त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता.

मी कुंपणापाशी उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलेले नव्हते. मी रोज पोरांच्या मागे धावतो आणि त्यांच्याबरोबरच परततो. आज पिंजौरच्या रस्त्यावर धुके इतके दाट होते की ट्रकचे दिवे अंगावर आल्यावर दिसत. मी तुकडी सर्व्हिस रोडवर वळवली, जुन्या पोराच्या हाती दिली आणि पुढचा रस्ता पाहण्यासाठी मधल्या वाटेने आलो. म्हणून लवकर पोहोचलो. एवढाच योगायोग.

मी निवृत्त सुभेदार आहे. उभी नोकरी पलटणीला शारीरिक शिक्षण देण्यात गेली. फौजेत अशा माणसाला उस्ताद म्हणतात. शेवटची नेमणूक चंदीगडजवळच्या चंदीमंदिर छावणीत होती. पत्नी इथेच वारली. मी गावी परतलो नाही. मनीमाजऱ्यात एका खोलीत राहतो. वय अडुसष्ट. दोर अजून चढतो.

मैदान कर्नलसाहेबांचे. निवृत्तीनंतर त्यांनी ते पिंजौरच्या रस्त्याला घेतले. भरतीची तयारी करणारी पोरे तिथे येतात. ट्रायसिटीत, म्हणजे चंदीगड परिसरात, नेमणुकीवर असलेले तरुण अधिकारीही वार्षिक चाचणीपूर्वी सरावाला येतात. चाचणी सोपी नाही. पाठीवर पिठ्ठू, म्हणजे सामानाची जड पिशवी, आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर धावायचे. मग नऊ फुटांचा खंदक एका उडीत ओलांडायचा. मग दोर. दमलेल्या माणसालाच दोरावर चढवतात, कारण लढाईत कोणी ताजातवाना नसतो. ज्याला स्वतःचे वजन वर नेता येत नाही, त्याचे वजन दुसऱ्याला वाहावे लागते.

फौजेत दोराला रस्सा म्हणतात. त्याची एक रीत आहे. सकाळचे पहिले वजन उस्तादाचे. उस्ताद आधी चढतो, वरची कडी हाताने तपासतो, उतरतो आणि मोठ्याने सांगतो, "रस्सा ठीक!" तोपर्यंत कोणी दोराला हात लावत नाही, मग तो जवान असो वा जनरल. तुटायचा असेल तर तो उस्तादाखाली तुटावा, हा त्यामागचा अर्थ. हे दोन शब्द मी नोकरीभर उच्चारले. त्यांवर विश्वासून माणसे वर गेली आणि धडपणे खाली आली. मी मिळवलेले म्हणावे असे तेवढेच आहे.

कर्नलसाहेब लेफ्टनंट म्हणून पलटणीत आले, तेव्हा त्यांना दोर मी शिकवला. माझ्यानंतर ते चढत. माझ्या तळव्यांचा घाम त्यांच्या तळव्यांना लागत असे. तेव्हा त्यांनी दोर पुसून घेतला नाही. पलटणीत पुसता येत नव्हता.

इथे येत होता.

मी पुढे गेलो. बलबीरने मला पाहिले आणि त्याचा हात थांबला. कर्नलसाहेबांनी मान वळवली.

"अरे, लवकर आलास?"

हिंदीत मी त्यांच्यासाठी सुभेदार साब. पोरांसमोर "आप". मराठीत, दुसरे कोणी समजणारे नसताना, "अरे" आणि "तू". मैदानावर रुजू झालो त्या दिवसापासून हे असेच होते. गावाकडची भाषा आहे, आपलेपणा आहे, असे मी स्वतःला सांगत आलो होतो. मी त्यांना कोणत्याही भाषेत साहेबच म्हणत होतो, हे मात्र मी स्वतःला सांगत नव्हतो.

मी विचारले, "हे काय चालले आहे, साहेब?"

"काही नाही रे. स्वच्छता. हल्ली किती इन्फेक्शन पसरतात."

"सगळ्यांच्या नंतर पुसतात?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. उत्तर वरून आले. बलबीर सरळ माणूस आहे. रोज पिंजौरहून बसने येतो, मैदान झाडतो, पाणी मारतो. त्याला वाटले प्रश्न त्याला आहे.

"नहीं जी. बस आपके बाद. जब से कैप्टन साब छुट्टी आए हैं."

फडक्यातले पाणी बादलीत टपटपत होते.

आता माझ्या चुकीबद्दल सांगतो. कॅप्टन म्हणजे कर्नलसाहेबांचा मुलगा, ईशान. खांद्याच्या दुखापतीनंतर रजेवर घरी आला होता. पलटणीत परतल्याबरोबर त्याची चाचणी होती आणि दोरावरच त्याचे अडत होते. तो आल्यापासून धाव संपवून आम्ही परतलो की दोर मला ओलसर लागे. मी धुक्याला दोष दिला. चंदीगडच्या डिसेंबरात सगळेच ओले असते. दवाने दोर भिजतो, असे मी कर्नलसाहेबांना स्वतः सांगितले. वर पत्रा टाकू या, म्हणालो. ते म्हणाले, "बघू." बलबीरला म्हणालो, धावेच्या वेळी दोरावर गोणपाट बांधत जा. बलबीर खाली बघून "जी" म्हणाला. वास येई, तोही मला मैदानाच्या नळातल्या क्लोरीनचा वाटला. ज्याने आयुष्यभर दोर हाताळला, त्याला दव आणि बादलीचे पाणी यांतला फरक कळला नाही. कळला नाही, कारण तसे काही असू शकेल हे मला मान्य करायचे नव्हते. फौजेने मला ते विसरायला शिकवले होते.

पण असे काही ओळखणे मला येत होते. फार आधीपासून येत होते.

आमच्या गावात तालीम होती. दारात उभे राहून पाहायची आम्हाला मुभा होती, उंबरा ओलांडायची नव्हती. आत मल्लखांब होता, एरंडेलाने चोपडलेला, काळाभोर. एके दुपारी तालीम रिकामी होती. मी आत गेलो आणि खांबाला मिठी मारली. चढलोही. वरच्या बोंडाला हात लावून उतरलो. तेवढ्यात वस्ताद आले. त्यांनी मला मारले नाही. माझ्या वडिलांना बोलावून दाराबाहेर हात जोडून उभे केले. मग बाटली फोडली आणि काचेने तो खांब वरपासून खालपर्यंत खरवडून घेतला. भुगा गोळा करून आमच्यासमोर जाळला. खांबाला नवे तेल लावले. वडील घरी येताना एकच वाक्य बोलले. "तिथे परत चढू नकोस." चढू नकोस म्हणाले. चढलास ते चुकले, असे म्हणाले नाहीत.

मी फौजेत गेलो तो उंबरा नसलेली तालीम शोधत. ती मला मिळाली, असे मी साठीनंतरही समजत होतो.

"गैरसमज करून घेऊ नकोस," कर्नलसाहेब म्हणाले. "मी असलं काही मानत नाही, तुला माहीत आहे. ईशानच्या आईचं आहे हे. तिला कोणी काय सांगितलं कुणास ठाऊक. पोराचा खांदा, त्यात परीक्षा. तिच्या मनाचं समाधान. आपलं काय जातं?"

"ओल्या दोरावर माणूस चढवत नाहीत, साहेब."

"खालीच ओला असतो. रोज चढतोय की तो."

त्यांना माहीत नव्हते असे नाही. त्यांना हे मीच शिकवले होते आणि पुढे त्यांनी ते दुसऱ्यांना शिकवले. ओला दोर फुगतो आणि बुळबुळीत होतो. तळवे खाली भिजतात आणि ते पाणी माणूस स्वतःच वर नेतो. रोज बलबीर हात पोहोचेल तेवढेच पुसून मोकळा होत असे. आज साहेब स्वतः बसले होते. आज दोर वरपर्यंत धुतला गेला होता.

मी म्हणालो, "आज दोर बंद ठेवा."

"अरे, दहा दिवसांवर टेस्ट आलीय त्याची."

तेवढ्यात धुक्यात बुटांचा आवाज आला. बलबीर उतरला आणि शिडी बाजूला घेऊन उभा राहिला. ईशान पुढे होता, पोरे मागे. पाठीवर पिठ्ठू, हातात लाकडी रायफल. सरावात धाव आणि दोर यांच्या मध्ये थांबायचे नसते. तो थांबला नाही. खंदक ओलांडला, रायफल ठेवली, पिठ्ठू टाकला आणि रीतीप्रमाणे धावता धावता ओरडला, "उस्ताद! रस्सा?"

मी तोंड उघडण्याआधी कर्नलसाहेब ओरडले, "ठीक! चढ!"

माझा शब्द त्यांनी दिला.

"रुको!" मी म्हणालो. तोवर त्याने झेप घेतली होती.

पहिले तीन हात तो वेगात गेला. पोरे टाळ्या वाजवू लागली. एक जण म्हणाला, "ओए, साब आज तां रॉकेट ने!" चौथ्या हाताला वेग तुटला. पाचव्याला त्याचा उजवा तळवा सरकला आणि सगळे वजन दुखऱ्या खांद्यावर आले. त्याच्या तोंडून आवाज निघाला. टाळ्या थांबल्या. तो वरच्या कडीपासून हातभर खाली होता. खालची वाळू थंडीने घट्ट झाली होती. तिथून पडलेला माणूस चाचणीला जात नाही, रुग्णालयात जातो.

मी दोराचे खालचे टोक पकडले आणि ताणले. बलबीर शिडी फेकून माझ्या मागे आला. आम्ही दोघांनी दोर ताठ धरला.

"पैर बांधो, साब. हाथ भूल जाओ. पैर."

"फिसल रहा है, उस्ताद!"

"मालूम है. पैर बांधो. ऊपर देखो."

मी आवाज चढवला नाही. चढलेला आवाज वरच्या माणसाला खाली ओढतो. त्याने पाय दोरात अडकवले. एक बूट निसटला, पुन्हा अडकला. बूटभर उतरायचे, थांबायचे, पुन्हा बूटभर. माझ्या मुठीत दोर थरथरत होता. त्यातून पाणी पिळून माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. कर्नलसाहेब खुर्ची सोडून उभे होते. चहाचा मग खाली पडला होता. ते दोराजवळ आले नाहीत. दोर धरायला तिसऱ्या माणसाची जागा होती.

ईशान उतरला. गुडघ्यांवर बसला. तळवे पाहिले, नाकाशी नेले.

"ये गीला क्यों है?"

कर्नलसाहेब म्हणाले, "ओस है, बेटा. फॉग कितना है आज."

दव. माझीच चूक त्यांनी उचलली आणि मुलाच्या हातात ठेवली. इतके दिवस ती मला पुरली होती. आता त्याला पुरणार होती. मी गप्प राहिलो असतो तर ती कायमची खरी झाली असती. पोरे ओळीत उभी होती. बलबीर खाली बघत होता. कर्नलसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. ती नजर हुकमाची नव्हती, विनंतीची होती. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याकडे काही मागत होते. माझे मौन मागत होते.

मी सावधान उभा राहिलो. हिंदीत बोललो, म्हणजे ओळीतल्या शेवटच्या पोरालाही समजावे.

"ओस नहीं है, कैप्टन साब. रस्सा मेरे चढने के बाद धोया गया है. रोज धोया जाता है. सिर्फ मेरे बाद. वजह आपके घर में पूछिए."

ईशानने वडिलांकडे पाहिले.

कर्नलसाहेब मराठीत आले. आवाज खाली होता. "हे पोरांसमोर काढायची गरज होती का? तुला मी काय कमी केलं? या वयात तुला मैदान दिलं, मान दिला. तुमच्या लोकांचं हेच असतं. कितीही जवळ करा."

तुमच्या लोकांचं. वाक्य पूर्ण झाल्यावर त्यांना ते ऐकू आले असावे. त्यांनी लगेच हात पुढे केला. "जाऊ दे. ऐक. उद्यापासून तू चढूच नकोस. वय झालं. बलबीर वाळूचं पोतं लटकवून दोर तपासेल. तू फक्त उभं राहून शिकव. मग पुसायचा प्रश्नच नाही. बरोबर?"

काचेने खरवडण्यापेक्षा हे सभ्य होते. अर्थ तोच होता. तिथे परत चढू नकोस.

मी म्हणालो, "माझ्या वडिलांना हे एकदा मला सांगावे लागले. मी ऐकणार नाही."

ते म्हणाले, "म्हणजे?"

मी पाठ फिरवली. दोराजवळ गेलो. आमच्या पलटणीत नापास केलेल्या दोराच्या टोकाला गाठ मारून ठेवत, म्हणजे अंधारातही हाताला कळावे की यावर चढायचे नाही. मी ती गाठ मारली. ओल्या दोरात गाठ घट्ट बसते. मग ओळीकडे तोंड करून नोकरीत जेवढ्या आवाजात सांगत होतो तेवढ्याच आवाजात सांगितले, "रस्सा ठीक नहीं!"

हे शब्द मी इतक्या वर्षांत क्वचितच उच्चारले होते. दोराच्या बाबतीत उच्चारले होते. आज ते मैदानाच्या बाबतीत होते.

शिट्टी गळ्यातून काढली आणि बलबीरच्या हातात दिली. तो हळूच म्हणाला, "उस्ताद जी, मैं तां नौकर हां. मैनूं माफ करो." मी म्हणालो, "तूने दूसरा हाथ लगाया ना? रस्सा पकडने को?" तो म्हणाला, "हां जी." मी म्हणालो, "बस." त्यापेक्षा जास्त त्याला देण्यासारखे माझ्याजवळ नव्हते, आणि त्यापेक्षा कमी देणे बरोबर नव्हते.

रस्त्यावर बसची वाट पाहत होतो, तेव्हा ईशान मागून धावत आला. एक हात खांद्यावर दाबलेला. लष्करी छावण्यांतून वाढलेला मुलगा. मराठी समजते, बोलताना हिंदीच येते.

"उस्ताद, आय ॲम सॉरी. मुझे सच में नहीं पता था. मम्मी पुराने खयालात की हैं यार, क्या करें. मैं समझा दूंगा. आप दिल पे मत लो."

मी विचारले, "आणि वडील?"

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "पापा को तो बस मम्मी का मन रखना था." आणि लगेच, "कल आओगे ना, उस्ताद? दस दिन में मेरा टेस्ट है. आपके बिना रोप नहीं होगी मुझसे, पक्का."

हा मुलगा वाईट नाही. त्याला माझी गरज होती आणि तो ती प्रामाणिकपणे बोलत होता. पण त्या बोलण्यात धुतलेला दोर केव्हाच मागे पडला होता. एका वाक्यात माफी, दुसऱ्यात चाचणी. मी जे मागत होतो ते त्याच्या लक्षात आलेच नव्हते. मी दुःखाची भरपाई मागत नव्हतो.

मी मराठीत सांगितले. "तुझ्या मैदानावर मी येणार नाही. उद्या सकाळी मनीमाजऱ्यात माझा दोर असेल. तुला शिकायचे असेल तर तिथे ये. आधी मी चढेन. माझ्यामागून, माझ्या हातांचा घाम असलेल्या दोरावर तू चढशील. घरी आईला सांगून ये. लपवून आलास तर चढू देणार नाही."

"घर पे सांगून?" मराठी शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आला.

"हो."

बस आली. मी चढलो. तो तिथेच उभा होता. येईल की नाही, हा त्याचा प्रश्न आहे. मी त्याची वाट पाहण्यासाठी दोर बांधलेला नाही.

दुपारी मनीमाजऱ्याच्या बाजारातून नवा दोर आणला. जाड, काथ्याच्या रंगाचा, हाताला टोचणारा. माझ्या घरमालकाचे लाकडाचे गोदाम आहे, उंच, लोखंडी तुळईचे. सरदारजी आहेत, माझ्याहून थोडे लहान. जागा मागितली. त्यांनी आधी दोराकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"बाबा जी, इस उमर विच लटकना है?"

"चढना है."

ते हसले. "फिर ठीक है. मैं तां डर गया सी." आणि शिडी धरायला स्वतः आले.

कडी बसवली. दोर ओवला. टोकाला आवळून सूत गुंडाळले. मी आज चढलो नाही. नवा दोर पहिल्या वजनाला लांबतो. त्याला आधी ताण द्यावा लागतो.

हे मी लिहितो आहे ते कोणाच्या घरातल्या मनाच्या समाधानासाठी नाही. मी पलटणी घडवल्या. ज्यांना घडवले त्यांतल्या काहींनी माझा हात घेतला आणि माणूस पुसून टाकला. इतकी वर्षे मी त्याला दव म्हटले. यापुढे म्हणणार नाही. जिथे पहिले वजन माझे नाही, तिथे माझा शब्दही नाही. माझ्यानंतर दोर पुसणाऱ्याला तो दोर लखलाभ, आणि त्यावरून पडणेही त्याचेच. उद्या मी पहिला चढेन. कोणी आले तरी, न आले तरी. येणाऱ्याने फडके आणू नये.

संध्याकाळी माझ्या वजनाइतके वाळूचे पोते भरले आणि दोराला बांधले. ते जमिनीपासून वीतभर वर लटकते आहे, हे वाकून पाहिले. गोदामाला कुलूप लावले आणि किल्ली खिशात ठेवली.